तापीकाठची स्त्रीनामे

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावलेली तापी नदी खानदेश ओलांडून, ७२४ किलोमीटरांचा प्रवास संपवून, सुरतेच्या पुढे हजिऱ्यापाशी अरबी समुद्रास मिळते. मुलताई हे नाव 'मूलतापी' या शब्दाचे बोलीतील रूप मानले जाते. नदीचे नाव मात्र एका स्त्रीचे आहे. महाभारताच्या आदिपर्वात तपती ही सूर्याची कन्या, सावित्रीची धाकटी बहीण आणि राजा संवरणाची पत्नी म्हणून येते. कुरु हा तिचा पुत्र. याच नात्याने एक गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' असे संबोधतो. अर्जुनाला त्या हाकेचा उलगडा होत नाही. आम्ही तर कुंतीचे पुत्र, मग ही तपती कोण, असे त्याला विचारावे लागते. ज्या स्त्रीच्या नावावरून कुळ ओळखले जावे, तिचे नाव त्या कुळातील पराक्रमी पुरुषाला ठाऊक नसावे, ही गोष्ट महाभारतकाराने सहज सांगून टाकली आहे. स्त्रियांच्या नावांचा इतिहास शोधू जाणाऱ्याला तो प्रसंग वारंवार आठवावा लागतो.

पुरुषाच्या नावावर कुळाचा हक्क अधिक कडक असे. आजोबांचे नाव नातवाला ठेवावे, वंशावळीत ते लिहिले जावे, श्राद्धाच्या वेळी तीन पिढ्यांपर्यंत त्याचा उच्चार व्हावा, अशी व्यवस्था होती. मुलगी परक्या घरी जाणार म्हणून तिच्या नावाची एवढी राखण कोणी केली नाही. याचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, मुलींची नावे भाषांच्या सीमा मोकळेपणाने ओलांडू शकली. संस्कृत, प्राकृत, कन्नड, फारसी, अरबी, पुढे इंग्रजी, जिथून जे गोड वाटले ते आईबापांनी उचलले. दुसरा असा की, जे नाव वंशावळीत लिहायचे नव्हते, ते हवे तेव्हा बदलताही आले. स्त्रीनामांचे वैभव आणि त्यांची विस्मृती एकाच कारणातून जन्मली आहेत. तापीच्या उगमापासून हजिऱ्यापर्यंतच्या प्रदेशात या दोन्ही गोष्टींच्या खुणा जागोजाग सापडतात.

शास्त्र आणि व्यवहार

मुलीचे नाव कसे असावे याविषयी धर्मशास्त्रकारांनी पुष्कळ विचार केला होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायानुसार ते सुखाने उच्चारता येणारे, सौम्य, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगलवाचक आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे. पारस्कर गृह्यसूत्रात अक्षरांची संख्या विषम आणि शेवट आकारान्त असावा, असे सांगितले आहे. इथवर कोणाचे दुमत होण्याचे कारण नाही. परंतु मनुस्मृतीच्याच तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी आणि सर्प यांच्या नावांची मुलगी विवाहास वर्ज्य ठरविली आहे.

हा नियम महाराष्ट्राने पाळला असता तर किती मुली अविवाहित राहिल्या असत्या, याची कल्पनाच करावी! रोहिणी आणि रेवती नक्षत्रांत गेल्या, तुळसा आणि बकुळा वृक्षवेलींत, मैना आणि कोकिळा पक्ष्यांत. गोदावरी, कृष्णा, भागीरथी, नर्मदा यांच्याविना तर जुन्या मराठी घराचे माजघर ओळखूच येणार नाही. पर्वतवाचक नाव वर्ज्य म्हणावे तर साक्षात पार्वती, गिरिजा आणि शैलजा या देवीच्याच संज्ञा आहेत. सर्पवाचक नाव टाळावे तर नाणेघाटातील प्रसिद्ध शिलालेखाशी जिचे नाव जोडले गेले आहे, ती सातवाहन राणी नागनिका आडवी येते. खानदेशात आणि गुजरातेत जुन्या पिढ्यांत तापीबाई हे नावही होतेच. शास्त्राने पुरुषाला बजावले. घरातील बायकांनी मुलीला आपल्या नदीचे नाव ठेवले.

यामागे एक साधे कारण आहे. नाव ठेवण्याचा अधिकार व्यवहारात स्त्रीकडे होता. मराठी घरात बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. गुजराती घरात हाच मान फोईचा आहे. आत्या आणि फोई ही एकाच नात्याची दोन नावे. तापीच्या दोन्ही अंगांना, भाषा बदलली तरी, नाव ठेवणारी व्यक्ती तीच राहते.

पांडवलेण्यांतील दोन स्त्रिया

तापीचा एक फार जुना लेखी उल्लेख तापीकाठी नव्हे, नाशिकच्या पांडवलेण्यांत सापडतो. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने तेथील दहाव्या लेण्यात आपल्या दानधर्माची नोंद कोरवून ठेवली आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर लोकांसाठी त्याने विनामूल्य नावा ठेवल्या होत्या, असे त्या लेखात म्हटले आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील ही गोष्ट आहे. तापी ओलांडणाऱ्या सामान्य प्रवाशाची सोय एका शककुलीन पुरुषाने केली होती.

त्याच लेण्यात त्याच्या पत्नीच्या दानाचीही नोंद आहे. तिचे नाव दखमिता, म्हणजे दक्षमित्रा. येथे क्षणभर थांबले पाहिजे. नहपान हे नाव इराणी वळणाचे आहे. हे घराणे बाहेरून आलेले. परंतु त्याने आपल्या मुलीचे नाव ठेवले ते अस्सल भारतीय. परका सत्ताधीश या भूमीचा कसा झाला, याचा पुरावा त्याच्या नाण्यांत आणि लेखांत शोधला जातो. तो त्याच्या कन्येच्या नावातही आहे. स्थलांतर करून आलेले कुटुंब नव्या प्रदेशाशी जे नाते जोडते, ते पुष्कळदा प्रथम लेकीच्या नावात उमटते.

त्याच डोंगरात तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात दुसरी स्त्री भेटते. गौतमी बलश्री ही गौतमीपुत्र सातकर्णीची माता. तिचा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातील आहे. मुलाने क्षहरातांचा पाडाव केला, हे ती अभिमानाने नोंदवते. म्हणजे जिंकलेल्याची आई आणि हरलेल्याची मुलगी, दोघींची नावे एकाच डोंगरात कोरलेली राहिली. 'गौतमी' हे तिचे गोत्रवाचक नाव आणि 'बलश्री' हे स्वतःचे. सातवाहन राजे मातेच्या गोत्रनामाने ओळखले गेले, हा त्यांचा विशेष. याच सुमारास रोममध्ये काय चालले होते, हे ताडून पाहण्यासारखे आहे. तेथे मुलीला बहुधा स्वतंत्र नावच नसे. ज्यूलियस कुळातील प्रत्येक मुलगी ज्यूलिया, कॉर्नेलियस कुळातील प्रत्येक मुलगी कॉर्नेलिया. बहिणी अनेक असल्या तर तिसरीला तर्शिया, म्हणजे नुसती 'तिसरी', म्हणत. एवढ्या मोठ्या साम्राज्याजवळ आपल्या लेकींसाठी शब्द अपुरे पडावेत, याचे नवल वाटते.

मुक्ता आणि बहिणा

मराठी भाषा ग्रंथरूप धारण करू लागली तेव्हा स्त्रियांच्या नावांनी नवे वळण घेतले. महानुभावांच्या लीळाचरित्रात बाइसा, आबाइसा, उमाइसा, महदाइसा अशी नावे येतात. धवळे रचणारी महदाइसा हीच महदंबा. संस्कृत 'अंबा' आणि मराठी 'आइसा' या दोन्ही आदरार्थी रूपांनी एकच स्त्री ओळखली जाते. 'आई', 'बाई', 'आऊ', कन्नडशी नाते सांगणारे 'अक्का', असे प्रत्यय मूळ नावाला जोडून मराठीने प्रत्येक नाव घरगुती केले. मुक्ताबाईंना मुक्ताई म्हणताना धाकट्या मुलीत लोक आई पाहत होते.

मुक्ताबाईंचे तापीशी नाते आहे. जळगाव जिल्ह्यात तापीतीरी मेहूण येथे १२९७ साली त्या अंतर्धान पावल्या, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. त्या परिसरातील एदलाबाद हे गाव आज मुक्ताईनगर या नावाने ओळखले जाते. 'मुक्ता' या शब्दाला संस्कृतात दोन अर्थ आहेत: सुटलेली आणि मोती. ज्ञानदेवांच्या भावंडांत निवृत्ती, ज्ञान, सोपान यांच्या मागोमाग हे नाव आल्यामुळे पहिला अर्थ मनात येतो. दुसराही तितकाच खरा आहे. मोत्याचे नाव मुलीला ठेवण्याची कल्पना अनेक भाषांत आहे. ग्रीक भाषेत मोत्याला 'मार्गारीटीस' म्हणत. त्यापासून युरोपात मार्गारेट, मार्गारिटा आणि लाडाने रीटा अशी नावे झाली. हा ग्रीक शब्द इराणी भाषांतून आल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. फारसीत आजही मोती म्हणजे 'मरवारीद'. मुक्ता, मोतीबाई आणि मार्गारेट या तिघी उच्चाराने परक्या आणि अर्थाने सख्ख्या बहिणी आहेत.

याच खानदेशात जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. बहिणा हे नाव खरे पाहता नाव नव्हे, ते नाते आहे. संस्कृत 'भगिनी' पासून प्राकृतमार्गे आलेला शब्द. सखू, बहिणा, बया, माई, ताई अशी नात्याचीच नावे झालेल्या स्त्रिया मराठीत असंख्य होऊन गेल्या. अशा नावात माया असते, तशी एक उणीवही असते. सर्वांची बहीण असलेली स्त्री स्वतः कोण, याचे उत्तर त्या नावातून मिळत नाही. आपल्या ओव्यांनी ते उत्तर देणाऱ्या बहिणाबाई विरळ्याच. आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने वाचकांच्या हाती आली तीही त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली.

यमुना, जमना आणि चिमणा

खानदेश मागे टाकून तापी गुजरातेत शिरते, तेथे सोनगडचा किल्ला आहे. पिलाजी गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात तो घेतला आणि तेथे गायकवाडीचा पाया घातला गेला. हा भाग २००७ सालापासून ज्या जिल्ह्यात मोडतो, त्याचे नावही तापी आहे. मराठी भाषा ज्या वाटांनी या प्रदेशात आली व रुजली, त्यांपैकी ही एक मोठी वाट.

गायकवाडांच्या राजघराण्यात दोन भाषांचा शेजार नावांत स्पष्ट दिसतो. खंडेराव महाराजांच्या विधवा राणीने १८७५ साली दत्तक घेऊन सयाजीरावांना गादीवर बसविले. तिचे नाव जमनाबाई. शब्दारंभीच्या 'य'चा 'ज' होणे ही प्राकृतापासूनची प्रवृत्ती. तिच्यामुळे गुजरातीत यमुनेची जमना आणि यशोदेची जशोदा झाली. मराठीनेही यात्रेची जत्रा आणि यूथिकेची जुई केली. परंतु यमुना तशीच ठेवून घरात यमू किंवा यमी म्हटले. बडोद्याच्या मराठी राणीने गुजराती वळणाचे रूप धारण केले, यात दरबाराबाहेरच्या भाषेचा आवाज ऐकू येतो.

सयाजीरावांच्या दोन्ही राण्या चिमणाबाई म्हणून ओळखल्या जातात. पहिल्या तंजावरच्या, माहेरच्या लक्ष्मीबाई मोहिते. १८८५ साली त्यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या देवासच्या, माहेरच्या गजराबाई घाटगे. दोघींना सासरी एकच नाव मिळाले आणि इतिहासकारांना त्यांची पहिली चिमणाबाई, दुसरी चिमणाबाई अशी गणती करावी लागली. रोमच्या तर्शियेची येथे आठवण होणे साहजिक आहे. दुसऱ्या चिमणाबाई अखिल भारतीय महिला परिषदेच्या १९२७ सालच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा झाल्या. एवढी मोठी कामगिरी त्यांच्या नावावर आहे; परंतु ते नाव त्यांच्याआधी दुसऱ्या एका स्त्रीचे होते.

सुरतेचा शेजार

सुरत हे बंदर, आणि बंदरात माल उतरतो तसे शब्दही उतरतात. शाहजहानने या बंदराचे उत्पन्न आपली कन्या जहाँआरा हिला दिले होते. जहाँआरा म्हणजे जगाला शोभविणारी. फारसी आणि अरबी नावे मुसलमानांच्या आणि पारशांच्या घरांतून येथे रुळली आणि त्यांतील कित्येक शब्द मराठी खेड्यांपर्यंत पोहोचले. गुलाबबाई हे नाव त्यांपैकीच. फारसीत 'गुल' म्हणजे गुलाबाचे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी; म्हणजे गुलाब या शब्दाचा मूळ अर्थ गुलाबपाणी. मराठीने अत्तरदाणीतील पाण्याचे नाव फुलाला आणि फुलाचे नाव मुलीला दिले. हौसाबाई या नावातील 'हौस' अरबीतून आली, नाजुका फारसीतून. ही नावे धारण करणाऱ्या शेतकरी स्त्रियांना ती परकी असल्याचे स्वप्नातही वाटले नसेल, आणि ते योग्यच होते.

त्याहून मौजेची गोष्ट अशी की, ज्या नावांत परकेपणा उघड दिसतो, त्यांत पुष्कळदा जुने रक्ताचे नाते दडलेले असते. संस्कृत आणि फारसी एकाच आदिम भाषाकुलातील असल्यामुळे सुरतेच्या एखाद्या गल्लीत शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन स्त्रियांची नावे एकाच धातूपासून निघालेली असू शकतात. पारशांची रोशन, युरोपातील लूसी आणि मराठी घरातील रुचा या तिघींच्या नावांत प्रकाशवाचक एकच मूळ आहे. तारा, फारसी सितारा आणि लॅटिन स्टेला यांचेही तसेच. पारशी स्त्रियांचे आवां हे नाव जलदेवतांचे. संस्कृतातील 'आपः' म्हणजे तेच पाणी.

आणि तापी? 'तप्' म्हणजे तापणे, तळपणे. याच मुळाचा फारसी अवतार 'ताब', म्हणजे तेज. चंद्राचे तेज ते माहताब. मेहताब हे स्त्रियांचे नाव त्यावरूनच आले. तापीच्या काठी एका घरात तापीबाई आणि दुसऱ्या घरात मेहताबबाई राहत असतील, तर एकीच्या नावात सूर्याची धग होती आणि दुसरीच्या नावात चंद्राचे चांदणे, आणि दोन्ही शब्द एकाच आजीच्या नाती होत्या. हे नाते त्या दोघींना कोणी सांगितले नव्हते.

सारखी दिसणारी नावे

याच्या उलट, सारखी दिसणारी नावे एका कुळातील असतीलच असे नाही. हजीरा हेच उदाहरण घ्यावे. हा शब्द ऐकताच मुसलमान स्त्रियांमधील हाजरा या नावाची आठवण होते. हाजरा ही इस्माईलची माता. बायबलातील हागार तीच. परंतु गुजरातीत 'हजीरो' म्हणजे मकबरा, आणि त्याचे मूळ कुंपणाच्या जागेसाठी असलेल्या अरबी शब्दात आहे. अहमदाबादेत सुलतान अहमदशहाच्या राण्यांच्या कबरी आहेत, त्या स्थळाला 'राणीनो हजीरो' म्हणतात. लोकांच्या तोंडी राणी हे पद राहिले. तिचे स्वतःचे नाव त्यात नाही.

विसाव्या शतकात मराठी घरांनी उचललेली काही नावे अशीच दुहेरी आहेत. अनिता हे नाव संस्कृत वाटते. मूळचे ते स्पॅनिश, आना या नावाचे लाडके रूप, आणि आना हिब्रू हन्नापासून, म्हणजे ईश्वरी कृपा. सोनिया हे रशियन सोफियाचे लघुरूप, अर्थ प्रज्ञा. पण जुन्या मराठीत 'सोनियाचा' म्हणजे सोन्याचा, त्यामुळे मराठी कानाला ते सुवर्णासारखे वाजले. मायरा हे नाव एका इंग्रज कवीने, फुल्क ग्रेव्हिलने, घडविले असे मानतात. राजस्थानात मात्र मायरा म्हणजे भाचीच्या लग्नातील मामाकडचा आहेर. सविता हा शब्द तर संस्कृतात सूर्याचा वाचक आणि पुल्लिंगी आहे! आकारान्त शेवट पाहून मराठीने आणि गुजरातीने सूर्याला मुलगी करून टाकले. पंडित यास चूक म्हणतील. भाषेचा व्यवहार मात्र असाच चालतो. शब्द कोठून आला हे कोश सांगतो. तो कोणाचा झाला हे तो वापरणारे ठरवितात.

तांदळावरचे नाव

येथवर नावांच्या मुक्त संचाराची बाजू पाहिली. दुसरी बाजू लग्नाच्या दिवशी दिसते. मराठी वधू सासरी आली म्हणजे ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने तिचे नवे नाव लिहिले जाई. आत्येने कानात सांगितलेले नाव त्या दिवसापासून माहेरापुरते उरे.

एकोणिसाव्या शतकातील दोन यमुनांची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कुर्लेकरांची यमुना १८७३ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी रमाबाई झाली. जोशांची यमुना विवाहानंतर आनंदीबाई झाली, अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी वारली. गोदूबाई या बालविधवेने १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्याही आनंदीबाई झाल्या. मनकर्णिकेची लक्ष्मीबाई होणेही असेच दोनदा घडले: एक झाशीची राणी, दुसरी 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. हे बदल जुलमाने झाले असे सर्वत्र म्हणता येणार नाही. कित्येकींनी ते कौतुकाने स्वीकारले. परंतु विचारण्याची पद्धत नव्हती, हे खरे.

मराठी कादंबरीने हे दुःख प्रारंभीच ओळखले होते. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीची नायिकाही यमूच. घराघरांत होते म्हणूनच हे नाव लेखकांना सुचले असावे. आणि 'कादंबरी' हा शब्द तरी कोणाचा? सातव्या शतकात बाणभट्टाने रचलेल्या संस्कृत गद्यकथेची ती नायिका. इंग्रजीतील नॉव्हेलला नाव देताना मराठीने या स्त्रीचे नाव घेतले. कन्नडनेही तेच केले. ग्रंथालयाच्या खिडकीशी उभा राहून वाचक 'एखादी नवी कादंबरी द्या' म्हणतो, तेव्हा नकळत तो एका स्त्रीचेच नाव उच्चारत असतो.

नोंदवहीतील रकाना

नाव बदलले जाणे ही एक गोष्ट. नाव नाकारले जाणे ही त्याहून कठोर. मुलगे दगावू लागले तर दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू अशी नावे ठेवीत. त्या नावांमागे जिवाची काळजी होती. मुलीवर मुलगी झाली म्हणून ठेवलेले 'नकोशी' किंवा 'नकुसा' हे नाव मात्र तसे नव्हे. त्यात काळजी नाही, नकारच आहे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. स्त्रीचे नाव बदलण्याची रीत महाराष्ट्रात जुनीच. या वेळी ते बदलले ते मुलीला तिचे स्वतःचे नाव मिळावे म्हणून.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आणखी एक निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत प्रथम मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला. गौतमीपुत्राच्या प्रदेशात आईच्या नावाला कागदावर जागा मिळण्यास सुमारे एकोणीसशे वर्षे जावी लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

हजिऱ्याचे रूप आता पार पालटले आहे. मासेमारांच्या आणि शेतकऱ्यांच्या या गावाभोवती गेल्या चार दशकांत खत, नैसर्गिक वायू आणि पोलाद यांचे प्रचंड कारखाने उभे राहिले आणि देशाच्या अनेक प्रांतांतून कुटुंबे आली. त्यांच्या वसाहतींत एकाच वर्गात मराठी, गुजराती, हिंदी, उडिया बोलणाऱ्या घरांतील मुली बसतात. शाळेतील शिक्षिकेला मराठी मुलगी सवयीने 'बाई' म्हणते आणि गुजराती मैत्रीण 'बेन'. उषवदाताने जेथील नदीवर नावा ठेवल्या होत्या, तेथून २०२० साली घोघ्यास जाणारी मोठी नावही सुरू झाली. मराठीत बोट ती नाव आणि संज्ञा तेही नाव. दोहोंची व्युत्पत्ती वेगळी असली तरी एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाणे दोघांनाही साधले आहे.

ग्रंथालयाचा या विषयाशी संबंध येथेच येतो. जुन्या काळी बहुतेक ठिकाणी घरटी एक वर्गणी असे आणि ती घरातील कर्त्या पुरुषाच्या नावे भरली जाई. पुस्तक मागवणारी, दुपारच्या निवांत वेळी ते वाचणारी आणि वेळेवर परत पाठविणारी स्त्री त्या नोंदवहीत क्वचितच दिसे. ती कोण होती, हे आता कोणत्याही वहीतून समजणार नाही. परंतु आज ज्या आजी सभासद आहेत, त्यांना विचारता येईल. माहेरचे नाव कोणते, ते कोणत्या आत्येने ठेवले, का ठेवले, त्याचा अर्थ काय सांगितला, सासरी ते बदलले की राहिले, आणि बदलले तेव्हा काय वाटले, एवढे पाच-सहा प्रश्न पुरेत. शताब्दीच्या वर्षात अशी एक वही घातली आणि प्रत्येक सभासद भगिनीने तीत स्वतःच्या हाताने लिहिले, तर पुढील शतकातील वाचकाला तापीकाठच्या मराठी घरांचा एक असा इतिहास मिळेल, जो कोणत्याही दरबारी कागदात नाही. 'तपती कोण?' असे विचारण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.